गाळलेलं नाव

केसरबाईला देवाचा धाक होता, पण भावकीचा त्याहून जास्त. म्हणून मुकुंदवाडीच्या चर्चमध्ये तरुण पाळकसाहेबांनी जुन्या करारातली वंशावळ वाचताना चार नावं घेऊन पान उलटलं, तशी पहिल्या बाकावरची ही म्हातारी ताडकन उठली.

"बाकीची नावं?"

"आजी, अमक्याचा मुलगा तमका, एवढंच आहे. लोक पेंगतात."

"पेंगू द्या की! थोरल्या लेकाच्या लग्नपत्रिकेत चुलत दिराचं नाव राहिलं, तर गडी अजून आमच्या दारात पाय ठेवत नाय. तुम्ही तर बिन्यामीनाचं अख्खं घराणं गाळलं. उद्या स्वर्गात ती माणसं रुसून बसली, तर समजूत कोण काढणार?"

साहेबांनी निमूट सगळी नावं वाचली.

पुढं नात रूपाचं लग्न ठरलं. पत्रिकेतली नावं केसरबाईनं स्वतः सांगितली. फुलंब्रीची रुसकी भावकी, वेरूळचे व्याही, दुबईतला भाचा, एक म्हणून सुटला नाही. अक्षर मुंगीएवढं झालं. पहिली पत्रिका तिनं तोऱ्यात साहेबांना दिली. त्यांनीही एकही नाव न गाळता ती मोठ्यानं वाचली आणि थबकले.

"आजी, तुमचं नाव?"

केसरबाईनं पत्रिका हिसकावली. वर बघितलं, खाली बघितलं. बाप, काका, मामा सगळे जिथल्या तिथं होते.

"माझं कशाला? मी काय रुसणारी हाय व्हय?" ती म्हणाली, आणि लग्न लागेपर्यंत घरात कुणाशीच बोलली नाही.