ओळीच्या शेवटची खूण

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगर जिल्ह्यातल्या एका शेती संशोधन केंद्रात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. ज्वारीचा डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या अक्षरांच्या लांबच लांब ओळी. त्यात हवा तो तुकडा कितव्या जागी आहे, हे शोधणारा प्रोग्राम मी पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. सगळं केंद्र माझ्यावर खूश. मीही स्वतःवर—जरा जास्तच.

सुनीता शेवगावची. आमच्याच केंद्रात संशोधन करायची, तिच्या घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. माझा प्रोग्राम असूनही ती कागदावर पेन्सिल टेकवत अक्षरं मोजायची, आणि तिच्या जागा माझ्या जागांशी जुळेनात. तिचा सगळा प्रबंध त्या मोजणीवर उभा. मी चारचौघांत म्हणालो, "मोजताना डुलकी लागते वाटतं!" सगळे हसले. तीही हसली—काय करणार होती?

पण माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळे जेवायला गेल्यावर मी प्रोग्राम उघडला. फाईलमधली प्रत्येक ओळ संपते तिथे एक न दिसणारी खूण असते. ती आधी काढून टाकायची असते—एका शब्दाचं काम. मी विसरलो होतो. प्रोग्राम ती खूणही अक्षर म्हणून मोजत होता, आणि ओळीगणिक चूक वाढत होती. सुनीता बरोबर होती.

त्याच संध्याकाळी तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी सर्वांसमोर मला विचारलं, प्रोग्राम तपासलास ना? मी म्हणालो, तपासला, चोख आहे. सरांनी तिचं काम तिथेच थांबवलं. कामात काटेकोरपणा नाही, म्हणाले.

घाबरलो होतो का? होतो. पण खरं सांगू—तिच्यासारख्या मुलीने माझी चूक काढावी, हेच मला सोसलं नाही. सांगतानाही लाज वाटते.

ती केंद्र सोडून गेल्यावर मी गुपचूप दुरुस्ती केली. आता आलेल्या जागा तिच्याच होत्या, एकूण एक. माझ्या नावाने छापूनही आल्या.

जायच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली होती. "दादा, माझ्यामुळं तुम्हाला उगाच तरास झाला. राग न्हाई ना?"

मी मोठ्या मनाने म्हणालो, "असू दे, होतं असं."

तिने माझे आभार मानले.