गेमला सहा कोर पुरतात

धाटावच्या कंपनीत हातावर ॲसिड उडालं तेव्हापासून माझ्या डाव्या हाताची दोनच बोटं नीट वळतात. त्यानंतर पाच महिने मी रोह्याच्या घरी बसून होतो. बायको शाळेत शिकवायला गेली की घरात मी आणि माझा जुना कॉम्प्युटर. धाकटा भाऊ नुकताच दुबईला नोकरीला गेला होता. दर रविवारी दुपारी आम्ही दोघं एकाच टीममधून गेम खेळायचो, हेडफोनवर गप्पा मारत. बाकीचा आठवडा मी त्या दोन तासांच्या आशेवर काढायचो. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मग गेमचं नवं अपडेट आलं आणि माझं मशीन अडखळायला लागलं. ऐन मोक्याला चित्र थिजायचं, परत हलेपर्यंत मी मेलेला असायचो. भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या मशीनला हे झेपत नाय. आधी ते नीट कर, मग खेळू."

पुढचे तीन रविवार तो आलाच नाही.

माझ्या प्रोसेसरला चारच कोर, म्हणजे काम ओढणारे चारच भाग होते. मी व्हिडिओ बघत सुटलो. एक म्हणे सहा पुरे, दुसरा म्हणे आठ हवेत, तिसऱ्याचं सोळाच्या खाली बोलणंच नाही. जेवताना, आंघोळ करताना डोक्यात तेच. आकडा बरोबर सापडला की भाऊ परत येईल, असंच मी धरून चाललो होतो.

"भावजींना सरळ फोन करा ना," बायको म्हणाली.

"तुला यातलं काय कळतंय?" मी ओरडलो. ती तपासायच्या वह्या उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचं कॅबिनेट चादरीत गुंडाळून मी पेणची एसटी धरली. कॉम्प्युटरच्या दुकानाची गल्ली उन्हात वाळत ठेवलेल्या गणपतींनी भरलेली. डावा हात धड पकडेना. हे ओझं सुटून एखाद्या मूर्तीवर पडणार, या धास्तीने मला घाम फुटला. मूर्ती घासत बसलेली एक बाई उठली, काही न विचारता तिने दुसरी बाजू धरली आणि दुकानापर्यंत आली.

"सोळा कोरचा टाका," मी दुकानदाराला म्हटलं.

त्याने गेम चालू करून आलेख दाखवला. "चारही कोर शंभर टक्क्यांवर गेलेत, म्हणून अडकतोय. पण सोळा घेऊन करणार काय? नुसते बसून राहतील. या गेमला सहा बास, फार तर आठ. बाकीचं काम ग्राफिक्स कार्डाचं."

"सहाने नक्की थांबेल ना?" मी तीनदा विचारलं.

जुन्याच मदरबोर्डावर सहा कोरचा प्रोसेसर बसला. घरी येऊन लावला तर गेम सरसर पळाला. भावाला मेसेज टाकला, "सहा कोर टाकले. ये." त्याने वाचला. उत्तर नाही. रविवारी दोन तास मी गेम उघडून एकटाच वाट बघत बसलो. मग फोन लावला. चौथ्यांदा त्याने उचलला.

"मशीन नीट झालं रे. आता अडकत नाय."

"दादा, मशीनचं नव्हतंच काय."

"मग?"

"मला एअरपोर्टवर सोडायचं म्हणून तू शिफ्ट बदललीस. नायतर त्या पाळीला तू तिथे नसतासच. खेळताना तू बोट वळलं नाय म्हणतोस, तेव्हा मला हेडफोन काढून फेकावासा वाटतो."

तुझा काय दोष, असं मी लगेच म्हणायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, एक-दोनदा माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. मग एकदम म्हणालो, "मला इथे बोलायला कोणी नाय रे. तू तरी जाऊ नको." आणि मी रडायला लागलो. तोही रडत होता. फोन कट झाला. नेटवर्क गेलं की त्याने ठेवला, मी विचारलं नाही.

चार दिवसांनी त्याने आपणहून फोन केला. गेम आम्ही परत खेळलो नाही. परवा त्याने पहिल्यांदा विचारलं, आंघोळीची बादली कशी उचलतोस. मी सांगितलं.