तोंडात नळी आणि समोर आबा

वरंध घाटात मोटारसायकल घसरली तेव्हापासून माझं मानेखालचं शरीर कामावर येत नाही. तोंड मात्र कायम ड्यूटीवर. पोलादपुरात लग्न असो की सत्कार, निवेदन माझंच. आणि अशा माणसाच्या नशिबी खुर्ची आली ती नेमकी चालवताना बोलता न येणारी.

विजेची खुर्ची. ओठांत नळी धरायची. जोरात फुंकलं की ती निघते आणि चालतच राहते. जोरात ओढलं की थांबते. वळायला हलकी फुंकर किंवा हलकी ओढ.

परीक्षा घ्यायला महाडहून फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. घरापासून उतारावरून रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचं. खुर्ची बंद करायचं बटण त्यांच्या हातात. ते दाबावं लागलं तर खुर्ची मागणाऱ्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला. मग मी पुन्हा खिडकीत, बायको हलवेल तेव्हाच हलणारा.

फुंकलं. निघालो. निम्म्या उतारावर शेजारचे आबा वाटेत मधोमध उभे.

"काय रे, कुठं निघालास?"

माझ्या ओठांत नळी.

"बोलत नायस? खुर्ची मिळाली तं लगेच मिजास हाय?"

वडिलांच्या वयाचा माणूस. आमच्याकडे असं गप्प बसून पुढे जात नाहीत. "नाही हो आबा," मी म्हणालो, आणि नळी सुटली.

खुर्ची चालतच राहिली. खाली एमआयडीसीच्या बसने हॉर्न दिला. आबांना वाटलं, मी पाया पडायला येतोय. ते आशीर्वादाला हात उचलून उभे. बाईंचा अंगठा बटणावर. मी मान ताणली. नळी गालाला लागली, हनुवटीला लागली, ओठांत काही येईना. शेवटी दातांत सापडली. जीव खाऊन ओढलं. आबांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थांबलो.

"बटण दाबलं नाही," बाई म्हणाल्या. "पण ही फेरी धरणार नाही. पुन्हा पहिल्यापासून. वहिनी, या वेळी तुम्ही शेजारून बोलत चला, बघू हे नळी सोडतात का."

बायकोला अशी संधी लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती.

"अहो, मागच्या दिवाळीत तुमच्या आत्याला मी नव्हतं चिडवलं, तुम्हीच चिडवलंत."

मी नळी दाबून धरली.

"आणि तुमचं निवेदन फार लांबतं. जेवण उरकायचं असतं म्हणून लोक बसतात."

हे वर्मी बसलं. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. रस्त्याच्या कडेला थांबलो, हलकी फुंकर, वळलो. समोर चढ. ती बोलत होती, मी फुंकत होतो. दारापुढे येऊन ओढलं. खुर्ची थांबली.

बाईंनी बटण बायकोच्या हातात दिलं. "हे आता तुमच्याकडे. खुर्ची इथेच राहील."

नळी सोडून मी उत्तराला तोंड उघडलं, तर बायको चहा टाकायला आत गेलेली. मी नळी पुन्हा ओठांत धरली, फुंकलं आणि उंबऱ्यावर टाकलेल्या फळीवरून तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. भांडायला.