न्यूसन्स कुणाला?

इंग्रजी शिकायला लोक पुण्याला जातात, विलायतेला जातात. मी वडगावातल्या आमच्या गल्लीत, कोपरापर्यंत खळ लागलेल्या हातांनी, इंग्रजीचा एकच शब्द आणि एकच सवाल शिकले. पण असा शिकले की त्या सवालापुढं गोऱ्या साहेबाचा घोडा दोन पावलं मागं सरला. खोटं वाटत असेल तर गल्लीत विचारा. प्रत्येकजण वेगळं सांगेल आणि माझ्यापेक्षा वाढवूनच सांगेल.

निपाणीहून लग्न होऊन मी या विणकरांच्या गल्लीत आले, तेव्हा पहिल्याच सकाळी दारातून बाहेर पडता येईना. समोर भलामोठा ताणा पसरलेला. लुगड्यांचं उभं सूत मागावर चढवण्याआधी त्याची पाजणी करावी लागते. फुलीसारख्या बांधलेल्या काठ्यांच्या कैच्या रोवून सगळं सूत गल्लीभर ताणायचं, त्याला पिठाची पातळ खळ पाजायची आणि दोन्ही अंगांनी माणसांनी लांब कुंचे घेऊन ते विंचरत पुढं-मागं जायचं. एकदा खळ लागली की थांबणं नाही. थांबलात तर सूत सुताला चिकटतं, वाळून पापड होतो, आणि अख्ख्या घराची कमाई चुलीत घालायच्या लायकीची उरते.

म्हणून ज्याचा ताणा असेल त्याच्या मदतीला सगळी गल्ली. बोलणं बंद असलं तरी यायचं. आमच्या सासूबाई आणि समोरची आक्का एकमेकींच्या माहेराचा उद्धार करत एकाच ताण्यावर कुंचा मारायच्या. शिवी जेवढी लांब तेवढा हात लांब जायचा. त्यांच्या भांडणातून निघालेलं सूत इतकं गुळगुळीत असायचं की माशी बसली तर घसरून थेट खानापुरात पडायची.

एके सकाळी आमच्याच घरचा ताणा होता आणि गावची साफसफाई बघणारा इन्स्पेक्टर सायकलवरून आला. माणूस आपल्यातलाच, पण डोक्यावर टोपी साहेबाची. ताण्यापाशी सायकल अडली.

"उचला हे!"

"वल्ला हाय, साहेब," मामंजी म्हणाले. "पल्याडच्या गल्लीनं जावा की."

"न्यूसन्स आहे हा, न्यूसन्स! मोठ्या साहेबाला घेऊन येतो. पुन्हा दिसला तर कापून टाकीन. गल्लीत पाजणी कायमची बंद!"

तो गेला, पण कुंचे थांबले नाहीत. पाजणी बंद म्हणजे माग बंद. घरात मागाखाली पाय घालून आम्ही निजत होतो, तिथं ताणा पसरायचा कुठं? आढ्याला?

"ते काय म्हनला वो?" मी विचारलं.

"शिवी असंल," आमचे हे म्हणाले.

"रोग असंल," सासूबाई म्हणाल्या. "साफसफाईचा मानूस, रोगाबिगर दुसरं काय बोलंल?"

"शिवी असली तर मला सांग गं," समोरची आक्का सासूबाईंकडं बघत म्हणाली. "मला लागतीया."

माझ्या डोक्यात मात्र तो शब्द गोचिडासारखा रुतून बसला. कापणार तर कापणार, पण कशानं कापतोय ते तरी कळू दे! गोऱ्या पलटणीच्या कॅम्पातल्या दवाखान्यातली नर्सबाई आमच्याकडून पांढरी लुगडी विणून घ्यायची. ती आली, तशी मी तिला पाटावर बसवलं आणि स्वतः दारात आडवी उभी राहिले. अर्थ सांगितल्याशिवाय तिला सोडणार नव्हते.

"न्यूसन्स म्हणजे उपद्रव," ती म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच नाही. नुसतं न्यूसन्स म्हणून भागत नाही, कुणाला ते सांगावं लागतं. डास माणसाला न्यूसन्स. डासाला डास न्यूसन्स असतो का?"

"न्हाय."

"मग डासाला कोण न्यूसन्स?"

"मी!"

"आलं की तुला! आता तो म्हणाला की विचार, टू हूम? म्हणजे कुणाला?"

तेव्हापासून मी तो शब्द विळीसारखा परजत बसले. कोंबडा झोपेला न्यूसन्स. ह्यांचं घोरणं मला न्यूसन्स. सासूबाईंनी तर दोन दिवसांत समोरच्या आक्काला भर गल्लीत न्यूसन्स केलं. आक्का काय कमी? तिनं तिथल्या तिथं विचारलं, "टू हूम गं, टू हूम?" गल्लीभर शाळा भरली.

आणि साहेब आला. त्या दिवशी ताणा समोरच्या आक्काचा होता, नुकतीच खळ लागलेली. साहेबाचा घोडा एवढा उंच की वर बसलेल्या साहेबाच्या टोपीला धुकं चिकटलेलं. साहेब मराठी बोलायचा, पण तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. इन्स्पेक्टरनं ताण्याकडं बोट केलं.

"हाच तो न्यूसन्स, सर."

सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. माझ्या हातात कुंचा होता. तोच वर करून मी ओरडले, "टू हूम?"

घोडा दचकून मागं सरला. साहेबानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग इन्स्पेक्टरकडं वळला. "येस. टू हूम?"

"पब्लिकला, सर."

"पब्लिक म्हंजे कोन?" मी विचारलं.

"सगळी माणसं," साहेबच बोलला.

"मानसं हिथं कुंचं धरून हुभी हाईत, साहेब. इचारा तेनला."

साहेबानं खरंच विचारलं. "न्हाय, आमाला काय तरास न्हाय," मामंजी म्हणाले. दूध घालायला आलेली बाई म्हणाली, "मी कवाच पल्याडनं फिरून आलो, मला कसला तरास?" इन्स्पेक्टरचं तोंड उतरलं. शेवटी तो पुटपुटला, "टू मी, सर."

साहेब हसला, पण साहेबच तो. निम्मं देऊन निम्मं ठेवून घेणारी जात. म्हणाला, ऊन चढेपर्यंत पाजणी करा, ऊन चढलं की रस्ता मोकळा. आणि घोडा वळवून पलीकडच्या गल्लीनं गेला.

उन्हाबिगर सूत वाळतं होय? पण तोंडातला बटाटा सांभाळणाऱ्या माणसाशी किती वाद घालणार? आम्ही माना हलवल्या. पंधरवड्यानं इन्स्पेक्टर पुन्हा हजर. ताणा भरगच्च पसरलेला, ऊन असं की कैचीवर भाकरी भाजावी.

"ऊन चढलं! उचला!"

सासूबाईंनी पदरानं घाम पुसला, सूर्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "कुटं चढलंय? चढाय लागलंय अजून."

"व्हय की," समोरची आक्का म्हणाली. जन्मात पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं.

इन्स्पेक्टर सायकल धरून उभा राहिला. त्याला उभं ठेवूनच आम्ही आणखी एक फेरी मारली.