चावत नाही ती चप्पल

कोल्हापुरात माझ्या ऑफिसच्या वाटेवर एक चप्पलवाला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. नवी कोल्हापुरी चावते, म्हणून गिऱ्हाइकाची जोडी तो आधी चार दिवस स्वतःच घालून हिंडायचा. तेल पाजायचा, चपलेचे बाजूचे कान वाकवायचा आणि मऊ झाली की फडक्यानं पुसून हातात द्यायचा.

"मला आता चप्पल चावतच न्हाय बघा, पावणं," तो हसून म्हणायचा. "पाय सरावलं."

त्याला साखर होती. चहा बिनसाखरेचा मागवायचा, तेवढंच पथ्य. एकदा माझ्यासाठी घातलेल्या जोडीतून त्यानं उजवा पाय काढला, तर अंगठ्याखाली पिकलेली जखम.

"अहो, डॉक्टरला दाखवा आजच."

"दुखत न्हाय की! दुखल्यावर बघू." त्यानं जखमेवर हळद दाबली आणि पुन्हा तीच चप्पल घातली. मलाही ऑफिस गाठायचं होतं.

मग दोन महिने जागा रिकामी होती. परत आला तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"जखमेचं विष वर चढलं. डॉक्टर म्हणालं, साखरेनं पाय बधिर झालतं. आन् मी समजत हुतो, सरावलं."

त्यानं माझ्यासाठी केलेली नवी जोडी पुढं ठेवली.

"डावी मऊ केलीया. उजवी तेवढी तुमची तुम्हीच करा," तो म्हणाला. "चावली तर बरं समजा, पावणं."