दोराचं खालचं टोक

झाडावर चढायचा माझा पट्टा खोलीत दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असतो. कमरेला एक आणि मांड्यांना दोन अशा जाड पट्ट्या, लोखंडी कड्या, आणि पुढे पोटाशी एक लॉक. केशरी दोर त्या लॉकमधून जातो. पाय सुटला की लॉक दोराला घट्ट धरतं आणि माणूस जागच्या जागी लटकतो. वस्तू झकास आहे. तिच्यामुळे मी आज धडधाकट आहे आणि तिच्याच पायी एकटा पडलो आहे. आता वस्तूला दोष देऊन काय उपयोग, तोंड माझंच होतं.

गेली वीस-बावीस वर्षं मी उपनगरांत झाडं छाटतो. मुलुंडच्या, घाटकोपरच्या, बोरिवलीच्या सोसायट्या पालिकेची परवानगी काढतात आणि आमचा ठेकेदार, म्हणजे शेठ, माणसं पाठवतो. लहानपणी गावी माडावर चढायचो, त्याच पायांवर इथे पोट भरलं. लोकांना वाटतं झाडावर चढणारा एकटाच असतो. पट्टा यायच्या आधी तसं नव्हतं. उंच बेचक्यातून जाड दोर टाकायचा, एक टोक माझ्या कमरेला, दुसरं खालच्या माणसाच्या हातात. तो बुंध्याला एक वेढा देऊन दोर धरायचा आणि मी चढेन तसतसा ओढून घ्यायचा. मी घसरलो तर मला पेलायचं काम त्याचं.

आमचा खालचा माणूस आमच्याच बाजूचा, तळकोकणातला. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. अंगानं आडवा, पोट सुटलेलं. झाडावर चढणं त्याच्यानं कधीच झालं नसतं. मी म्हणायचो, तू खाली उभा आहेस म्हणून झाड उभं आहे. तो हसायचा नाही, पण रागवायचाही नाही. चेनसॉ चालू असताना हाका मारून काही उपयोग नसतो, म्हणून आमची दोरावरची बोली होती. काम करायच्या जागी पोचलो की मी दोराला दोन हिसके द्यायचो. खालून एक हिसका यायचा. म्हणजे धरलंय, कर सुरू. तो एक हिसका कमरेला जाणवला की मगच मी करवतीला हात घालायचो. अठरा वर्षांत तो आला नाही असं एकदाही झालं नाही.

मग मुलुंडच्या एका सोसायटीत ते झालं. रेनट्रीची मोठी फांदी पार्किंगवर आली होती. मी वर, खाली पंधरावीस माणसं मोबाइल वर करून उभी. मी फांदीवर पाऊल टाकणार तेवढ्यात दादा खालून ओरडला, "थंय पाय ठेव नको रे, फांदी पोकळ आसा!"

मी म्हटलं, "दादा, वयर मी आसंय, तू नाय."

"वयल्याक फांदी दिसता," तो म्हणाला, "खालच्याक झाड दिसता. गप मागे ये."

लोक हसले. सेक्रेटरी तर मोठ्यानं हसला आणि म्हणाला, काका, तुम्हीच वर जायला पाहिजे होतं. मी मागे आलो. दुसऱ्या बाजूनं करवत लावली, तर फांदी आतून खरंच पोकळ निघाली, मूठ जाईल एवढी. दादा बरोबर होता. तो चुकला असता तर मी तासाभरात विसरलो असतो. तो बरोबर होता म्हणून माझा राग चढतच गेला. जेवताना मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. त्यानं आपल्या डब्यातली सुकट माझ्या झाकणात ठेवली, ती मी खाल्ली नाही. एवढा मोठा माणूस मी, आणि सुकटीवर राग काढत होतो.

दुसऱ्याच दिवशी शेठ हा पट्टा घेऊन आला. अंधेरीच्या एका कंपनीच्या आवारात आम्ही नारळाच्या झावळ्या काढत होतो. त्यानं मला पट्टा चढवायला लावला, लटकून बघायला लावलं. मी दोन-तीनदा मुद्दाम पाय सोडला. लॉकनं दर वेळी धरलं. दादा लांब ट्रकपाशी झावळ्या रचत होता. शेठनं विचारलं, "हे स्वतःच धरतं ना? मग खाली माणूस लागतो का?"

लागतो, हे मला माहीत होतं. दोर धरायला नाही लागत, पण झाड बघायला लागतो. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण कालचं हसू कानात होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "नाही लागत."

दादाला त्या दिवसापासून फांद्या ओढून ट्रकमध्ये भरायला लावलं. साठीला टेकलेला माणूस, त्याची कंबर ते कुठवर सोसणार. महिनाभरानं तो म्हणाला, पुरे आता. जोगेश्वरीत, त्याच्या खोलीजवळच, एका इमारतीच्या गेटवर त्याला बसायचं काम मिळालं. जाताना जुना दोर तेवढा मागून घेऊन गेला. मला म्हणाला, "खुर्ची गावली रे. इतक्या वर्सांत पयल्यांदा बसान काम." मी हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं की तुला शेठनं नाही, मी काढलं. नाही सांगितलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू.

दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. ठरलेला एकच प्रश्न, "उद्या खंयचा झाड?" मी सांगायचो, बोरिवलीला गुलमोहोर आहे, आरेत वाळका शिरीष आहे. तो ऐकून घ्यायचा. जुनं झाड असलं तर आठवून सांगायचा की त्याच्या डाव्या बेचक्यात पाणी साचतं, तिथे सांभाळ. मग थोडं थांबायचा. बराच थांबायचा. मला वाटायचं, म्हातारा झाला, बोलायला सुचत नाही. त्या थांबण्यात माझ्या तोंडाशी ते वाक्य यायचं आणि मी म्हणायचो, चल, ठेवतो, गॅसवर भात आहे. भात कधीकधी नसायचाही.

इकडे काम चालू होतं. ट्रकवरची माणसं चांगली आहेत, पण ती फांद्यांची माणसं. फांदी पडली की ओढायची, तोवर कानात गाणी. वर पोचलो की माझा हात आपोआप दोराला दोन हिसके द्यायचा. केशरी दोर नुसता हलायचा. लॉकला काय, ते धरतं, उत्तर देत नाही. मी थोडा वेळ तसाच थांबायचो आणि मग करवत सुरू करायचो. चौथ्या मजल्याच्या उंचीवर माणसांची स्वयंपाकघरं दिसतात, देवघरं दिसतात, कपडे वाळत घालणाऱ्या बायका हाताच्या अंतरावर असतात. पण त्यांतलं कोणी आपल्यासाठी तिथे नसतं. मला त्या उंचीची भीती कधी वाटली नव्हती. आता वाटायला लागली.

मागच्या उन्हाळ्यात घाटकोपरला लॉक अडकलं. सालपटाचा तुकडा आत गेला आणि दोर ना वर जाईना ना खाली. माझे पाय हवेत. फांदीपासून हातभर लांब. मी ओरडलो, खाली दुसरी करवत चालू होती. कोणी वर बघेना. समोरच्या खिडकीत एक बाई पोळ्या लाटत होती. तिनं मला बघितलं. मी हातानं खाली खूण केली की त्यांना सांगा. मी आत डोकावतोय असं तिला वाटलं असावं, तिनं पडदा ओढून घेतला. वीसेक मिनिटं मी तसाच लटकत होतो. मांड्या बधिर झाल्या. शेवटी खिशातल्या सुतळीचा फास दोराला अडकवला, त्यात पाय देऊन उभा राहिलो आणि लॉक मोकळं केलं. खाली आलो तर एकजण म्हणाला, "काय, वर झोपला होतास का?"

त्याच रविवारी मी फोनची वाट न बघता दादाकडे गेलो. खरं सांगायचं तर पश्चात्ताप नंतरचा, आधी भीती होती. मला तो परत हवा होता. शेठशी मी आधीच बोललो होतो. खाली बघणारा माणूस पाहिजे, नाहीतर मी चढणार नाही, असं म्हटलं. तोही तयार झाला होता.

दादाची खोली चढावर आहे. गॅलरीत आमचा जुना दोर बांधलेला होता, त्यावर त्याच्या गेटवरच्या नोकरीचा निळा शर्ट वाळत होता. वहिनी गावी गेलेली. तो एकटाच लसूण सोलत बसला होता.

"बस," म्हणाला. "चाय ठेवतंय."

मी म्हटलं चहा नको, आधी ऐक. आणि सगळं सांगून टाकलं. शेठनं काय विचारलं, मी काय म्हटलं, का म्हटलं. सुकटीचंही सांगितलं. त्यानं लसणीची पाकळी सोलून ताटलीत ठेवली.

"माका म्हायत होता," तो म्हणाला. "शेठान त्याच दिवशी सांगल्यान."

मी विचारलं, "मगे बोललंस कित्याक नाय?"

"तू सांगशीत म्हणान थांबललंय." दुसरी पाकळी घेतली. "दर रविवारी फोन करी होतंय तो कित्याक?"

मी घाईघाईनं शेठचं सांगितलं, की तो परत घ्यायला तयार आहे, दोर धरायचा नाही, नुसतं खाली उभं राहून झाड बघायचं. दादानं नकाराची मान हलवली. रागानं नाही. त्याच्या आवाजात राग असता तर मी पाय धरले असते, भांडलो असतो, काहीतरी केलं असतं. "बरा झाला, सांगलंस," एवढंच तो म्हणाला आणि उठून चहा ठेवला. चहा आम्ही दोघांनी घेतला. निघताना दारापर्यंत आला आणि म्हणाला, उतारावर शेवाळ आहे, बघून जा.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मी केला. त्यानं उचलला, नीट बोलला. वहिनी कशी आहे ते सांगितलं, गेटवर नवीन पंखा बसवला ते सांगितलं. झाडाचं काही विचारलं नाही. थांबलाही नाही. मीच थांबलो, आणि तो म्हणाला, चल, ठेवतंय.

आता खाली एक माणूस उभा असतो. शेठनं शब्द पाळला, ट्रकवरच्यांपैकीच एकाला नेमलं. तो वर बघतो, हाका मारतो, लक्ष ठेवतो. मी त्याला हिसक्यांचं सांगितलेलं नाही. दर रविवारी संध्याकाळी मी फोन समोर ठेवून पट्टा साफ करतो, लॉकमधला चिकाचा थर चाकूनं खरवडून काढतो. उद्या मुलुंडला जायचं आहे, त्याच सोसायटीत, त्याच रेनट्रीवर. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण कोणी विचारलेलं नाही.