गाडीचं कपाळ

नव्या गाडीच्या विम्याचा आकडा ऐकून मामंजी, म्हणजे माझे सासरे, एजंटवर असे काही उखडले की मला हसू आवरेना. गाडी स्वतःहून ब्रेक मारते, रस्त्यावरची पट्टी ओलांडली की ओरडते, मागे मांजर आलं तरी सांगते. म्हणजे अपघात कमी, म्हणजे विमा स्वस्त, असा त्यांचा सरळ हिशोब.

"हुशार पोराला शिकवणी कमी लागते की जास्त?" त्यांनी विचारलं.

एजंट मुरलेला होता. "पोर हुशारच आहे सर. पण त्याचा चष्मा महाग आहे."

मग त्यानं समजावून सांगितलं. पूर्वी बंपर म्हणजे प्लास्टिकचा तुकडा होता, आता त्यात सेन्सर असतात. पुढची काचसुद्धा नुसती काच राहिलेली नाही. तिच्यामागे कॅमेरा असतो, आणि काच बदलली की त्याला पुन्हा नीट बघायला शिकवावं लागतं. ठोकर क्वचित बसते, पण बसली की दुरुस्ती अंगावर येते. मला ते पटलं. मामंजींना नाही.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि इथल्याच एका मराठी घरात पडले. सासरची माणसं इथं कित्येक पिढ्यांची. पूर्वी कापड रंगवायचे, छापायचे. ते सगळं मोडीत निघालं, राहिला एक लाकडी ठसा. त्यावर कोयरी. खंडेनवमीला सगळं म्हैसूर गाड्यांना केळीचे खुंट बांधतं, चाकापुढे कोहळा फोडतं. आमच्या घरी ते झाल्यावर प्रत्येक वाहनावर कोयरी उमटते. रंग मामंजी स्वतः घोटतात, स्वयंपाकघराचं दार लावून. कृती कोणाला सांगत नाहीत, पोटच्या मुलालाही नाही. गोकुलमच्या आमच्या गल्लीत त्या दिवशी शेजाऱ्यांच्या स्कूटर रांगेला लागतात, योग शिकायला आलेल्या गोऱ्या पोरींच्या भाड्याच्या गाड्यासुद्धा. वर्षभर मोजकं बोलणारा हा माणूस तेव्हा सगळ्यांना एकच आव्हान देत असतो. "पुसून बघा. जायचं नाही ते."

कारला शिक्का कुठे मारायचा तेही ठरलेलं. काचेवर, वर, अगदी मधोमध. "कपाळ तेच की. चालवणाऱ्याच्या डोळ्याआड येत नाही." जुन्या गाडीला तिथंच मारत आले. नव्या गाडीलाही तिथंच मारला, आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

दोन दिवसांनी वाळूत गाडलेली देवळं बघायला तलकाडला निघालो आणि वाटेतच गाडीनं पडद्यावर तक्रार मांडली, की पुढचं काही दिसत नाही, आपोआप ब्रेक बंद. नवऱ्यानं गाडी कडेला घेतली, मी गाडीची पुस्तिका उघडली. कॅमेऱ्याचा डोळा बरोबर कोयरीच्या मागे होता. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मागे मामंजी हसले नाहीत. तलकाडला पोचल्यावर, वाळूत चालवत नाही म्हणून गाडीतच बसून राहिले.

घरी आल्यावर आम्ही जरा आडवे झालो, तेवढ्यात त्यांनी कापड छापायच्या मोडक्या टेबलाची जुनी लोखंडी पट्टी काढली आणि काच खरवडली. रंग अर्धाच गेला, काचेवर ओरखडेच ओरखडे. आयुष्यभर ज्याची बढाई मारली, तो रंग त्यांच्याच हातून जाईना. वर्कशॉपनं सांगितलं, काच बदला, वर कॅमेऱ्याचं जुळवणं वेगळं. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

"तलकाडच्या रस्त्यावर दगड उडाला म्हणून सांगू," नवरा म्हणाला.

"बेडा," मामंजी म्हणाले. नको. "दगड नाही उडाला. मी केलं."

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा त्यांनी त्याला सगळं सांगितलं, वर ठसाही दाखवला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट पाहिला आणि अदबीनं म्हणाला, की याला अपघात म्हणता येत नाही, क्लेम बसणार नाही. काच आमच्या खिशातून गेली. खोटं का बोलू, मला राग आला होता, तो खरवडण्याचा नव्हे, खरं बोलण्याचा. दोन दिवस मी ताटं जरा आपटूनच मांडली.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी ठसा जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकला. "साकु," म्हणाले. पुरे झालं. माझा राग तिथल्या तिथे विरला. त्या गुंडाळीत या घरातलं शेवटचं छापणं चाललं होतं, रंगाची कृती त्यांच्याबरोबर जाणार होती, आणि इतक्या वर्षांत मी ती एकदाही विचारली नव्हती.

वर्षानं विमा पुन्हा भरायचा आला. क्लेम घेतला नव्हता, त्यामुळे सूट मिळाली. एजंटनं फोनवर नेहमीचे प्रश्न विचारले. गाडीत काही बदल केलाय का?

"कपाळ कोरं आहे," मामंजी पेपराआडून म्हणाले. "तेवढं लिहून घ्या."

एजंट हसला. मला नाही हसू आलं.

खंडेनवमीच्या सकाळी मी माळ्यावरून गुंडाळी काढली, पुस्तिका आणि खडू घेतला आणि मामंजींना गाडीपाशी बोलावलं. "चला, हिचे डोळे शोधू." पुस्तिकेत बघून एकेका सेन्सरभोवती खडूनं गोल काढत गेलो. पुढे, मागे, आरशांखाली. गाडी कांजिण्या आलेल्या पोरासारखी दिसायला लागली. दारं मोकळी होती, पण मामंजींचा विश्वास उडालेला. "आज नाही, उद्या तिथंही काही निघेल." शेवटी मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. आतली बाजू त्यांनी बोटानं वाजवून पाहिली.

"इथं डोळा नाही? नक्की?"

"नाही मामंजी. इथं तोंड आहे."

वर्षभरात पहिल्यांदा ते मोकळं हसले. मग रंग घोटायला आत गेले. मी बाहेर हळदीकुंकवाचं ताट लावत होते. स्वयंपाकघराचं दार थोडं उघडलं.

"अगं, ये की आत," ते म्हणाले. "किती घालतो ते बघून ठेव."

काय घातलं ते मी इथं लिहिणार नाही.

परवा पेट्रोल भरायला गेलो. पंपावरच्या माणसानं झाकण उघडलं, आत लाल डाग दिसला म्हणून बिचाऱ्यानं फडकं काढलं. मी त्याला थांबवणार, तोच मागच्या खिडकीची काच खाली आली.

"ओरसप्पा, ओरसु," मामंजी म्हणाले. पूस बाबा, पूस. "होगल्ल अदु. जायचं नाही ते."

त्यानं दोनदा पुसून बघितलं. गेलं नाही.